बाईंच्या दारातला मोर्चा

परवा फोनवर एक व्हिडिओ आला. कुठल्याशा शहरात एका सोसायटीच्या गेटपुढे पन्नासेक माणसं, आतल्या कुणीतरी घर सोडून जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होती... मी तो मध्येच बंद केला, पण मन साताऱ्याला जाऊन पोचलं होतं. सत्तरच्या दशकात, आमच्या आळीत.

मी तेव्हा सातवीत. आमच्या शेजारच्या दोन खोल्या वडिलांनी शेखबाईंना भाड्यानं दिल्या होत्या. बाई आमच्याच शाळेत गणित शिकवायच्या, सुट्टीतही मी त्यांच्याकडे शिकवणीला जायचे. त्या आणि त्यांची म्हातारी आई, एवढंच घर. बाईंची शिस्त अशी, की आळीतली कुत्रीही त्यांच्या दारात भुंकत नाहीत, असं वडील म्हणायचे.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी कुठंतरी दंगल झाली आणि तिचं खापर आमच्याकडे बाईंच्या डोक्यावर फुटलं. दुसऱ्या पेठेतली पंचवीस-तीस पोरं रोज सकाळी अकराला यायची आणि बाईंच्या दारापुढे उभी राहून 'घर खाली करा' अशा घोषणा द्यायची. दगड मारला नाही कुणी... पण आत म्हातारी दुपारपर्यंत दाराची कडी काढू द्यायची नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्यांच्यात आमच्या पलीकडच्या घरातला दिनूदादा होता. फलक धरून, अगदी पुढे.

वडील नगरपालिकेत गेले. रस्ता सगळ्यांचा आहे, उभं राहायला आम्ही कुणाला मनाई करणार, असं उत्तर मिळालं. पोलीस चौकीत म्हणाले, काही झालं तर कळवा. म्हणजे काही होईपर्यंत आपण वाट बघायची...

चौथ्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या. महिनाअखेर खोल्या सोडते म्हणाल्या, सांगलीला भाऊ आहे, तिकडे बदली मागते.

आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते मागनं बघू. उद्या तुमचा पापडाचा नंबर हाय. पीठ भिजवून ठेवा."

हे नंबर प्रकरण सांगायला हवं. उडदाचे पापड एकटीनं होत नाहीत, म्हणून आळीतल्या बायका ओळीनं एकेकीच्या घरी जमायच्या. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं बगलेत मारून जायचं. बाईंचाही नंबर असायचा.

"यंदा राहू दे वहिनी," बाई म्हणाल्या. "कोण येणार आहे?"

"मी येतीय की."

एरवी वाळवण गच्चीवर जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आमची बाज उचलली आणि भर रस्त्यात, बाईंच्या दारापुढे टाकली. वर धुतलेलं लुगडं पसरलं आणि आत जाऊन लाटायला बसली. तासाभरात एकेक करत आठ बायका आल्या आणि रस्त्यात आणखी सहा बाजा आल्या... सायकलसुद्धा जाईना.

सगळ्यात शेवटी आल्या अक्का. दिनूदादाची आई. गळ्यात तुळशीची माळ, वागायला लय कडक. बाईंशी बोलायच्या, पापडही लाटायच्या, पण बाईंच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी आत जागा असूनही त्या उंबऱ्यावरच पोळपाट मांडून बसल्या, रस्त्याकडे तोंड करून.

अकराला मोर्चा आला आणि बाजांपाशी अडला. पापडावर पाय कोण देणार... त्यातल्या निम्म्यांच्या घरीही तेच वाळत असणार. एक-दोन घोषणा झाल्या, त्याही अडखळत. दिनूदादा पुढे होता, त्याला आई दिसली.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि मागं वळून म्हणाल्या, "बाई, वाईच पानी द्या की प्यायला."

आतलं लाटणं थांबलं. बाईंनी तांब्याभर पाणी आणलं. अक्कांनी ते सगळ्या मोर्चासमोर, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं.

मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "दिन्या, त्या बाजेचा पाय धर रं. सावली आलीया, उन्हात वडायची हाय."

दिनूदादानं फलक भिंतीला टेकवला आणि बाज धरली.

बाकीचे थोडा वेळ रेंगाळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुढाऱ्यांनी काय करावं? नगरपालिकेत तक्रार... बायकांनी रस्ता अडवलाय म्हणून! मुख्याधिकारी स्वतः बघायला आले. आई त्यांना म्हणाली, "रस्ता सगळ्यांचा हाय म्हनं, सायेब." साहेब जरा हसले.

दोन दिवसांत हुकूम निघाला. राहत्या आळीत कुणाच्या दारापुढे मोर्चा न्यायचा नाही, घोषणा द्यायच्या तर मैदानावर द्या, आणि वाळवणही रस्त्यात नको. हुकमाच्या दुसऱ्या भागावर आई बरेच दिवस कुरकुरत होती.

बाई राहिल्या. त्याच खोल्यांमधून शाळेत जात जात रिटायर झाल्या.

आठवणी सांगताना माणूस स्वतःला अलगद चांगल्यांच्या रांगेत उभं करतो, म्हणून हेही लिहून टाकते. मोर्चाच्या त्या दिवसांत मी बाईंकडे शिकवणीला गेले नव्हते. पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं, दुखत काही नव्हतं. त्या दारातून आत जाताना मला कुणी बघेल, याची भीती वाटत होती.

सगळं निवल्यावर मी वही घेऊन गेले, माफी मागायचं मनात ठरवून. बाईंनी बुडलेल्या दिवसांची गणितं आधी करून घेतली, एकही न सोडता...

आज बाई नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं. बाई, तुम्ही त्या घरातून गेला असतात, तर मी माफी मागायला कुणाच्या दारात आले असते?