टाकीला ताप आला

आमच्या गोबरगॅसच्या टाकीला एकशे चार ताप आला होता.

हसू नका! मी स्वतः मोजला होता. तेव्हा मी तुमसरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नुकतीच गेलेली, आणि सिहोऱ्यात आमच्या गल्लीत थर्मामीटर वाचता येणारी मी एकटीच. (बाकीचे नुसता कपाळाला हात लावत. अडाणी, दुसरं काय!)

झालं असं, की ऐन पुसाच्या थंडीत गॅस मंदावला आणि आईचा जीव टांगणीला लागला. कारण रविवारी लाखनीची आत्या जेवायला येणार होती. आत्याकडे सिलिंडर! दर भेटीत तिचं एकच पालुपद, "वहिनी, माया घरी कान पिळला का भक्कन पेटते!" म्हणून आईनं यंदा ठसक्यात निरोप धाडला होता, "या, आमच्या गॅसवरचे लाखोळीच्या डाळीचे वडे खा." एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण तिनं स्वयंपाकघरातली चूल खणून काढून ती जागा सारवूनसुद्धा टाकली!

"बेबी, टोपण वर येऊन नाही राहिलं वो." टाकीवरचं लोखंडी टोपण वर आलं की गॅस आहे, खाली बसलं की नाही, एवढंच आईचं शास्त्र.

"आई, असं अंदाजानं नाही चालत. आत शेण आंबून राहिलं. त्याची गरमी मोजा लागते."

"शेणाची?"

"हो!"

"मोज माय. अन् मंग हात धू."

आता मोजायचं कशानं? कॉलेजच्या सरांकडे लांब थर्मामीटर मागितला. "शेणात घालणार? माझा?" म्हणत त्यांनी कपाटाला कुलूपच लावलं. मग शेजारच्या गोमाजीकाकांची दूध तपासायची काचेची कांडी आणली. ती दुधात तरंगते. शेणाच्या काल्यात नाही तरंगत. (अजून तिथंच आहे. काका अजून विचारतात.) राहिला घरचा, ताप मोजायचा थर्मामीटर. मागच्याच आठवड्यात बाबा तापानं फणफणले होते तेव्हाचा. तो काठीला बांधला, टाकीत बुडवला, वर काढला, पुसला...

एकशे चार!

"आई! आतले जंतू उकडून मरून राहिले! टाकी थंड करा लागते!"

"एवढ्या थंडीत टाकी गरम?" बाबांनी विचारलं. आंबागडच्या जंगलातून वारा असा येत होता की त्यांचे दात वाजत होते.

"बाबा, यंत्र खोटं बोलत नाही!"

बाबा बिचारे विहिरीचं बर्फासारखं पाणी बादल्या भरभरून टाकीत ओतू लागले. परत मोजलं. एकशे चार! आणखी पाणी. एकशे चार! मी टोपणावर ओली पोती टाकली. रस्त्यानं जाणारे गोमाजीकाका थबकले.

"काहून वो बेबी, कपाळावर पट्ट्या ठेवून राहिली का?"

"ताप उतरत नाही ना, काका!"

"मंग मोसंबीचा रस पाज!"

मी दुर्लक्ष केलं. यंत्राची निगा मात्र चोख ठेवली हं! रोज रिठ्यानं धुवायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, आणि अजिबात हिसका द्यायचा नाही. काचेच्या वस्तूला हिसका देऊ नये, हे सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

रविवार उजाडला. टोपण तळाला गेलेलं. आईनं काडी ओढली, शेगडीजवळ नेली, काडी विझली. दुसरी ओढली. तीही गेली. आणि दारात आत्या!

"वहिनी, पेटला का गॅस?"

आई काही बोलायच्या आत बाबांनी घर हादरेल अशी शिंक दिली. पाणी ओतून ओतून ते घोंगडीत गुंडाळून बसले होते. आईनं घाईघाईनं थर्मामीटर आणला, पदरानं पुसला आणि त्यांच्या तोंडात घातला. (मी तेव्हा अंगणात विटा मांडत होते. नाहीतर ओरडले असते. देवाशप्पथ!)

मी आत आले तर आई रडत होती. "एकशे चार वो बाई!"

आत्यानं बाबांच्या कपाळाला हात लावला. "दादा तर थंडगार हाये! वहिनी, तापाची काडी झटकली का?"

"झटकायची राह्यते का?" मी विचारलं.

"अवो, झटकल्याबिगर पारा उतरते का कधी? हा मागचाच ताप असन!" आत्यानं मनगटाला दोन हिसके दिले. पारा सर्रकन खाली!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे इतके दिवस मी टाकीतून बाबांचाच जुना ताप काढत होते! पुसाच्या थंडीत कुडकुडणाऱ्या टाकीला गार पाण्यानं आंघोळ घालत होते!

"आता घे दादा. अन् मी सांगतपर्यंत तोंड उघडू नको." बाबांनी गुमान ओठ मिटले. आत्यानं आपली बोटं हुंगली. परत हुंगली.

"वहिनी, माया हाताले शेणाचा वास काहून येऊन राहिला?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आत्या... टाकीचा ताप पण... यानंच मोजला होता."

बाबांचे डोळे लाडवाएवढे झाले. "उं! उंऽऽ!"

"तोंड नको उघडू म्हणलं ना!" आत्या ओरडली, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना.

वडे शेवटी अंगणात, तीन विटांवर, काटक्यांच्या धुरात झाले. आत्यानं ताटभर खाल्ले, डबाभर बांधून घेतले आणि जाता जाता चिमटा काढलाच. "एक नंबर झाले वहिनी! गॅसवरचेच हायेत ना?"

"होय तर," आई म्हणाली. "गॅसलेच ताप आला, म्हणून त्याले आराम देला. तुमच्या सिलिंडरले येते का कधी एवढी कदर करणारी डॉक्टरीण?"

आत्यानं डबा उघडून त्यात आणखी दोन वडे कोंबले!

फागुनात ऊन तापलं, टोपण आपोआप वर आलं आणि शेगडी भक्कन पेटली. मी थर्मामीटर घेऊन धावले, तर आईनं दारातच अडवलं. "तू तिकडंच राह्य. टाकीले तुयं औषध सोसत नाही."

मग मी टाकीसाठी वेगळा थर्मामीटर आणला. आपल्याला लाल दोरा, टाकीला हिरवा. गोंधळच नको! बाबांना पुढे ताप आला तेव्हा मी लाल दोऱ्याचा काढला, धुतला, त्यांच्यासमोर दणकून झटकला आणि पुढे केला.

बाबांनी दोरा नाही पाहिला. पारा नाही पाहिला.

"आधी तू तोंडात धर," म्हणाले. "मंग पाहू."