दीड तासाचं बेळगाव

नारायणकाकांनी मोबाईल काउंटरवर ठेवला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. नागपूर ते बेळगाव, अंतर साडेसातशे किलोमीटर, विमानाने दीड तास.

“ताई, दीड तासच लागते म्हणे. मंग सुनंदा काऊन म्हणते, लय दूर पडते म्हणून?”

हिंगणघाटला माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. हल्ली सगळे मोबाईलवरच तिकीट काढतात. ज्यांना काढून देणारं घरात कुणी नाही, तेवढे माझ्याकडे येतात. काका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बायको जाऊन वर्ष होत आलं. एकुलती मुलगी सुनंदा बेळगावला नोकरी करते. आईच्या आजारपणात तिला येणं जमलं नाही; तेरवीला आली, त्यानंतर नाही. दोन दिवसांची सुट्टी काढून तिने एकदा यावं, एवढंच काकांचं मागणं होतं.

मी समजावलं. वेबसाईट दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढते आणि ते अंतर विमानाच्या वेगाने भागते. त्या रेघेवरून खरंच विमान जातं का, याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. सध्या थेट विमान नाही. बेळगावहून हैदराबाद, तिथे लेओव्हर, म्हणजे पुढच्या विमानाची वाट बघत बसायचं. मग नागपूर, मग एसटी. एक दिवस यायला, एक जायला. सुट्टी संपली.

काकांचा चेहरा हलका झाला. मुलगी खोटं बोलत नव्हती तर. ते उठले, आणि दारातून वळले.

“सीधं विमान कधी होतं का?”

विचारलं की सांगायचं, ही या धंद्यातली सवय. मी म्हटलं, होतं ना, मागच्या वर्षापर्यंत होतं. असे छोटे रूट सुरू होतात, प्रवासी मिळाले नाहीत की बंद पडतात.

“तिची माय बिमार होती, तवा?”

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण हिशेब त्यांचा करून झाला होता. मी हो म्हटलं. फार वाईट वाटलं मला.

“तिले माहीत नसन,” काका म्हणाले.

मीही लगेच री ओढली. नसेलच, अशा विमानांची जाहिरात कोण करतं. ते परत खुर्चीवर येऊन बसले.

“माहंच तिकीट काढून द्या. दिवस जाते तं जाऊ द्या. घरी बसूनही जातेच.”

हैदराबादमार्गे तिकीट काढलं. परतीचं चार दिवसांनी.

काका पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी सुनंदाचा फोन आला. परतीची तारीख आठ दिवस पुढे ढकलायची होती. बाबा कालपासून विमानांचंच सांगत आहेत, म्हणाली. मग तिने विचारलं, थेट विमान होतं हे त्यांना कळलं का. मी म्हटलं, कळलं.

“मंग मले काही बोलले नाई ते.”

“तुला माहीत नसेल, असं म्हणाले.”

 

“मले माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “आठ दिवस नका करू. महिना करा.”

केला. तेव्हापासून बंद पडलेल्या विमानाची कुणी चौकशी केली, तर मी आधी खुर्ची पुढे करते आणि विचारते, कशासाठी हवंय.