मिठाच्या पाण्यातला खिळा

कळव्याचा तो सुतार नव्या खिळ्यांतला एक आधी दिवसभर मिठाच्या पाण्यात ठेवून गंजतो का बघायचा, मगच त्या खिळ्यांची पट्टी खिळे मारायच्या हवेच्या गनमध्ये भरायचा. "खाडीची हवा आहे शेठ, साधा खिळा रडतो." मी त्याचा कंत्राटदार; मी आणलेले खिळे मात्र तो कधी तपासत नसे.

एका बंगल्याच्या बाहेरच्या फळ्यांसाठी त्याने न गंजणारे, जस्त चढवलेले खिळे मागितले. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली, ते मिळेनात. मी साधेच दिले. "जस्ताचेच आहेत, मार."

पावसाळ्यानंतर प्रत्येक खिळ्याखाली तांबडा ओघळ आला. मालक त्याच्यावर ओरडला, "कसला सुतार रे तू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यांकडे बघत राहिलो.

तो अजून माझ्याकडे कामाला येतो. फक्त आता माझ्या खिळ्यांतला एक माझ्यासमोरच मिठाच्या पाण्याच्या ग्लासात टाकतो.