बोअरचं तोंड झाकलं का?

हे प्रकरण आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यात ठाणेदार होतो. कनेरगाव नाक्याजवळच्या एका शेतातून बोअरमधली मोटार चोरीला गेली. शेतकऱ्याची फिर्याद नोंदवतोय तोच निनावी फोन आला, "मागच्या आठवड्यात ज्यानं बसवली, त्यालाच विचारा." बसवणारा तांड्यावरचा मिस्त्री. दहा वर्षं पंप-मोटारींच्या एका एजन्सीत राबून नुकताच बाहेर पडलेला, आता शेतकऱ्यांची कामं थेट घेणारा. मला ते लगेच पटलं. भरदुपारी जीप पाठवून त्याला उचलून आणलं.

"मोटार कुठाय?" मी दरडावलं.

"कोणती, साहेब?"

शेताचं नाव घेताच तो ताडकन उठला. "काढून नेली? मग बोअरचं तोंड झाकलं का न्हाई? तिथं सालगड्याची लेकरं खेळतात वो!"

चोरीचा आळ डोक्यावर आणि याला काळजी कुणाची! पंचनामा करून आलेल्या हवालदाराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "उघडंच आहे, साहेब." आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याला घेऊन तडक शेत गाठलं. त्याने आधी फरशी ओढून तोंड झाकलं, मग बोअरभोवतीचे तीन खोल खड्डे दाखवले. "ह्ये लोखंडी तिपाईचे पाय. चेन-पुली लावून काढली मोटार. आमी दोर लावून चार माणसं वढतो. चेन-पुली इकडं एजन्सीकडंच हाय."

एजन्सीच्या कामगाराला बसवलं, तो तासाभरात बोलला. मोटार एजन्सीच्या मालकाच्याच गोदामात निघाली, निनावी फोनही त्याचाच. मिस्त्रीचं नाव बदनाम झालं की झक मारत परत येईल, असा मालकाचा हिशेब.

मी मिस्त्रीला म्हटलं, "सुटलास बाबा, जा घरी."

तो जागचा हलला नाही. "नेताना समद्या तांड्यानं पाह्यलं, साहेब. आता मला शेतात कोण घेईल? एजन्सीत व्हतो तवा मालकाचं नाव व्हतं. आता माझंच हाय."

वर्दीवरच त्याच्यासोबत तांड्यावर गेलो, माणसं गोळा केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक पोलिसांची झाली." तिथंच त्याला म्हटलं, "ठाण्याच्या बोअरची मोटार बंद आहे, उद्या ये."

तो आला, मोटार चालू करून दिली. जाताना हवालदाराला बजावून गेला, "झाकण काढू नका बरं का."

थेट काम करणाऱ्याची सगळी पोटाची सोय त्याच्या नावावर असते, हे मला एवढ्या नोकरीनंतर त्या दिवशी कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत अशा माणसाला चौकशीला बोलवायचं झालं की मी आधी निरोप धाडायचो, जीप नाही.