चौबे डॉक्टरांचा हुंकार

चौबे डॉक्टर गेले, आणि मी अजून त्यांच्यावर जळतोय.

म्हणूनच हे लिहायचं टाळत होतो. कधी चार्जर सापडत नाही, कधी चहा. परवा तर सायकलची चेन काढून पुसत बसलो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. मला जमेलसं वाटत नव्हतं.

आम्ही काशीचे. ब्रह्माघाटावरचं मराठी घर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी.

माझी थोरली बहीण, आक्का, मनोविकारांची डॉक्टर. आणि मी कुठलंच कॉलेज पुरं न केलेला. कधी हरिद्वार, कधी जबलपूर, खिसा रिकामा झाला की घरी. (जबलपूरचं वेगळंच आहे, ते राहू दे.)

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली फोनचे पीसीओ बूथ झाले, आणि आक्काच्या डोक्यात एक खूळ शिरलं.

बलिया, सोनभद्रचे पेशंट एकदा येतात, गोळ्या नेतात, पुन्हा एवढ्या लांब येत नाहीत. मग तिकडच्या साध्या डॉक्टरांनाच शिकवायचं. मनाचा आजार फोनवरून कसा सांभाळायचा ते.

लोक हसले. "फोन पे पागल ठीक करेंगी दीदी?"

दर रविवारी सकाळी आमच्या घरी वर्ग. खाली बैठकीत डॉक्टर, तोंड भिंतीकडे, कानाला इंटरकॉम. वरच्या खोलीत खोटा पेशंट. तिसरा फोन आक्काच्या कानाला.

खोटा पेशंट मी.

"तुला नाहीतरी काय काम आहे, बंड्या?" आक्का म्हणाली होती.

डॉक्टर मंडळींची तऱ्हा काय सांगू. आधी नुसतेच माना डोलवायचे.

"डॉक्टरसाहब, मुंडी तार में से नहीं जाती!" आक्का ओरडायची.

मग सल्ले. मी जरा "नींद नहीं आती" म्हटलं की पलीकडून सुरू. टहला कीजिए. दूध पीजिए. शादी कर लीजिए.

चुनारच्या चौबे डॉक्टरांची तऱ्हा तिसरीच. पान.

आक्काचा नियम होता, फोन उचलण्याआधी तोंड रिकामं करायचं. समोरच्या पेशंटला पान दिसतं, तो थांबतो. फोनवरच्याला नुसतं गुरगुरणं ऐकू येतं. चौबेजी मोरीवर जाऊन थुंकून यायचे, आणि येताना दुसरं लावून यायचे.

"दीदी, पान बिना तो हम अपना नाम भी नहीं बता पाते।"

एका रविवारी त्यांनी ताजं पान तोंडात टाकलं आणि नेमका त्यांचा नंबर आला.

मी ठरलेलं सुरू केलं. मी शाळामास्तर, झोप नाही, मन लागत नाही.

पलीकडून फक्त, "हूँ."

मी थांबलो. दुसऱ्या कुणी एव्हाना मला दूध पाजलं असतं.

"हूँ."

ठरलेलं संपलं. तरी तो हुंकार येतच राहिला. आणि मी काय बोलत सुटलो, मलाच कळेना. घरात माझं कुणी ऐकत नाही म्हणालो. एक बहीण आहे, सगळ्या जगाचं ऐकते. मुगलसरायला गेलो होतो, गाडीत चढायला नाही. फलाटाच्या कडेला उभा राहून रुळांकडे बघत होतो.

मग पान गिळल्याचा की थुंकल्याचा आवाज आला. आणि अगदी स्वच्छ, हळू आवाजात प्रश्न.

"मरने का मन था?"

"हाँ."

"अभी कहाँ बैठे हो? पास में कौन है?"

"कोई नहीं."

"फोन मत रखना, बाबू।"

खाली टाळ्या वाजल्या. आक्का सगळ्यांना सांगत होती, "देखा? ऐसे सुनते हैं. ऐसे सीधा पूछते हैं!"

जिन्यातून वर डोकावून मला म्हणाली, "बंड्या, आज नाटक छान केलंस!"

आणि गेली. त्यांच्यासाठी चहा टाकायला.

दुःख माझं. शाबासकी चौबेजींना. त्या दिवसापासून आक्काला प्रत्येक गोष्टीत चौबेजी लागायचे. पुढच्या रविवारी तर तिनंच सगळ्या डॉक्टरांसाठी पानं मागवली. तोंड भरलेलं असलं की सल्ले देता येत नाहीत म्हणे!

मी जळून खाक.

पण त्या दिवशी, चहा तसाच टाकून, चौबेजी वर आले होते.

"ऊ नाटक नहीं था।"

"आक्का को मत बताइए."

"हम काहे बताएँगे? पेशंट की बात है। तुम बताओगे।"

आणि मग हा माणूस माझ्या मागेच लागला. मी जिथे असेन तिथे फोन. भोपाळला, कोल्हापूरला. जेवण, झोप, काम सगळं विचारायचं, आणि शेवटी, "दीदी को बताया?"

नाही सांगितलं. त्यांनीही नाही. दर रविवारी तिच्यासोबत काम करत होते, तरी एक अक्षर नाही.

मी आज आहे, ठीक आहे, त्यात त्या फोनांचा वाटा मोठा आहे. हे मान्य करतानाही दात आवळले जातायत.

कारण ते गेले तेव्हा आक्का मणिकर्णिकेच्या स्मशानापर्यंत गेली. चौबेबाईंच्या गळ्यात पडून रडली, असं भाचा म्हणाला. मी इथून, भाड्याच्या खोलीतून, फोन केला तर म्हणे, "मी बरी आहे. तू जेवलास का?" आणि ठेवला.

सगळ्या जगाला फोनवर बोलतं करणारी बाई.

असो.

आक्का, ते नाटक नव्हतं.

चौबेजी, सांगितलं हो. या आता. गंगामाई तुम्हाला पोटाशी घेवो.

थांबा. खालून घरमालकीणबाई हाका मारतायत.

"अहो, बनारसहून तुमच्या बहीण आल्यात. एकट्याच! फोन तरी करायचा होतात, म्हटलं मी. तर म्हणाल्या, चौबेजींचं आहे, हे फोनवर बोलायचं नाही."