धोट्याला तोंड

"अगो बाय, तुमच्या माणसांना साचेखात्यात कोण घेणार?"

सुहासचे वडील हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात प्रसादाच्या शिऱ्याची बशी होती. आजूबाजूला ऑफिसची निम्मी मंडळी. काका हसत होते. दुष्टपणा नव्हता हो त्यात. आज उकडतंय म्हणावं, तसं म्हणाले.

लालबागची त्यांची चाळ पाडणार, म्हणून ही शेवटची सत्यनारायणाची पूजा. सुहास माझ्या ऑफिसातला. त्याच्याकडे आजोबांचा हार घातलेला फोटो, आजोबांचीच खोली, आणि काचेच्या कपाटात आजोबांचा साच्यावरचा, म्हणजे कापड विणायच्या मागावरचा, धोटा. पॉलिश केलेला! मी जळून खाक. माझ्याकडे काय? आजी-आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेले. वडील त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, आणि तेही लवकर गेले. उरलं आजोबांचं नाव आणि गिरणीचं नाव. काका त्याच गिरणीतले. आजी-आजोबा राहायचे कुठे, हे विचारायला मी आले होते. चाळ रिकामी झाल्यावर काका कुठे सापडणार?

पण जळकी बाई गप्प बसते का? ठसक्यात बोलून गेले, "माझेही आजोबा साच्यावरच असणार."

काकांनी नाव विचारलं. मी सांगितलं. आडनावाशी ते थबकले. आणि मग ते वाक्य.

वर समजावूनही सांगितलं. "धोट्यातली सुताची कांडी बदलली की भोकाला तोंड लावून दोरा ओढायचा. तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडात. मग? चालेल कसं? तुमचे सगळे रिंगखात्यात, सूत कातायला. तिथे पगार कमी, पण तोंड लावायचा प्रश्न नाही."

"पप्पा, जाऊ दे ना," सुहास म्हणाला.

"अरे, होतं ते सांगतोय."

मी बशी खाली ठेवली. कपाट उघडलं. धोटा काढला आणि भर पूजेत भोकाला ओठ लावून ओढला. सुर्रर्र! हवेशिवाय काय येणार? पण आवाज झकास आला. काकी "अगो अगो" करत उठल्या. मी धोटा काकांपुढे धरला.

"घ्या काका. आता तुम्ही ओढा."

काकांनी हात मागे घेतला. सगळ्यांनी पाहिला तो हात. आता हसत नव्हते.

"नाही ना? मग एवढं तरी सांगा. राहायचे कुठे?"

"मागच्या चाळीत," ते खाली बघत म्हणाले. "तळमजल्यावर, नळाशेजारी. आवाज केवढा तुझ्या आजोबाचा! हाक मारली की इथे ऐकू यायची. तुझी आजी तर त्याच्या वरताण."

म्हणजे माझ्या आजीचा आवाजही यांच्या कानात. माझ्या नाही. खरी जळले ती तेव्हा.

मागे गेले. चाळ नाही. निळे पत्रे, पत्र्यांमागे खड्डा. मी पदर खोचला आणि आजोबांच्या नावाने सणसणीत हाक मारली. वॉचमन धावत आला.

"मॅडम, किसको बुला रहे हो?"

"घरच्यांना," म्हटलं.

जळणं थांबलेलं नाही. थांबवणारही नाही. पण 'साच्यावरच असणार' हे पुन्हा माझ्या तोंडून निघायचं नाही. कुणी खातं विचारलं, तर रिंगखातं सांगेन. आणि साचेखातं का नाही, ते कुणी विचारायची वाट न पाहता सांगेन. पूजेत, पंगतीत, ऑफिसात. समोरच्याचा घास अडकला तरी पूर्ण सांगेन.