ढीग झाडायचा नाही

हरिदासला घाण खपत नसे. गेवराईकडच्या त्याच्या घरी तांबडं फुटायच्या आत अंगण झाडून सडा पडलेला असे. दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका व्हिल्यात माळी म्हणून लागल्यावरही त्याने तोच नेम चालवला. लिंबाचं एक पान खाली दिसलं तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. मालकीणबाई कतारी, तोंडाने शाबासकी देणाऱ्या नव्हेत. पण बाग पाहून मान हलवायच्या, तेवढ्यावर स्वारी खूश.

त्या हिवाळ्यात बाईंच्या भाच्याने ऑस्ट्रेलियातल्या रानकोंबड्यांची जोडी आणून बागेत सोडली आणि स्वतः परदेशी शिकायला निघून गेला. नर काळा कुळकुळीत, मान लाल नि बोडकी, गळ्यात पिवळी झालर. त्याने लगेच उद्योग मांडला. दिवसभर पायाने पाला मागे ढकलायचा आणि भिंतीकडेला ढीग रचायचा. सकाळी हरिदास तो झाडून न्यायचा, दुपारी नर पुन्हा रचायला घ्यायचा. दोघेही हट्टाला पेटले.

मग हरिदास तापाने अंथरुणाला खिळला. तेवढ्या काळात नराने कमरेएवढा ढीग उभा केला. हरिदासने उठल्या उठल्या त्यात फावडं घातलं, तर पाल्यातून फुटकं अंडं वर आलं. बलक अजून कोमट होता. स्वयंपाकघरातली आबिदा धावत आली. तिने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं: हे पक्षी अंड्यांवर बसत नाहीत. पाला कुजतो, त्याच्या उबेवर पिल्लं होतात, आणि ऊब बरोबर आहे का, हे नर चोच खुपसून बघत राहतो. हरिदासने फावडं बाजूला ठेवलं. आपण रोज एका बापाचं घर मोडत होतो, याची त्याला भयंकर लाज वाटली.

दुपारी नर पुन्हा त्याच जागी कामाला लागला. या वेळी हरिदासही लागला. शेजारपाजारच्या व्हिल्यांतून गाडा भरभरून पाला आणायचा, वर पाणी शिंपडायचं. ढीग वाढला, मादी पुन्हा त्यात अंडी घालू लागली.

आणि बाई बाहेर आल्या. शुक्रवारी पाहुणे येणार होते. "ये कचरा कल खलास."

"नहीं, मॅडम." इतक्या वर्षांत हा शब्द त्याने इथे उच्चारला नव्हता. "बाप है. काम कर रहा है. करने दो."

"बदबू आया तो तुम इंडिया जाएगा."

"जाएगा. लेकिन ढेर नहीं निकालेगा."

बाई ढिगाजवळ गेल्या, वास घेतला, मान हलवली आणि आत निघून गेल्या. हरिदासने भोवती बोगनवेलीच्या कुंड्या मांडल्या. पाहुणे आले, जेवले, गेले. कुणी नाकाला रुमाल लावला नाही.

ऊन तापू लागलं तेव्हा एका सकाळी ढीग हलला. पिल्लू आपलं आपणच उकरून बाहेर आलं, अंग झटकलं आणि बापाच्या पायाजवळून झुडपात पळालं. बापानेही मान वर केली नाही.

"बाप को देखा भी नहीं," आबिदा हळहळली.

हरिदासची लेक राणी गावाकडे चालायला शिकली, शाळेत गेली, ते त्याने फोनवरच पाहिलं होतं. पहिल्या रजेत तो दारात उभा राहिला, तर ती आईच्या मागे लपली होती.

"न्हाई बघितलं तर न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "पळता येतंय ना त्याला? मग झालं."

त्याने बाहीने डोळे पुसले. ढिगात अजून अंडी होती. गाडा घेऊन तो शेजारच्या व्हिल्याकडे पाला आणायला निघाला.